वाढत्या अंगाचं जॅकेट

लेकराच्या अंगाला काही घ्यायचं तर ते एक माप मोठंच घ्यायचं, हा माधव नगरातल्या जयूताईंचा जुना नियम. मुलगा रुचिर याचे शाळेचे गणवेश त्यांनी असेच घेतले, त्याच्या मुंजीतला सदराही असाच, आणि आता नात ईरा अकरा वर्षांची झाली तरी नियम तोच. त्यामुळे टावर चौकातल्या खेळांच्या दुकानात रुचिरने नारिंगी लाइफ जॅकेट हातात घेतलं, तेव्हा जयूताई लगेच दुकानदाराला म्हणाल्या, "इससे बड़ा दिखाओ भैया. दो-तीन साल तो चलना चाहिए."

दुकानदाराने दोन नंबर मोठं काढून दिलं. ईराने ते घातलं, आरशात पाहिलं आणि ती खूश झाली. जयूताईही खूश झाल्या. रुचिर मात्र खूश नव्हता, पण त्याचं कारण जॅकेटचं माप नव्हतं.

ईराला शिप्रा नदीवर कयाक चालवायला शिकायचं होतं. रामघाटापासून बरंच वर, बंधाऱ्यामागे पाणी थोपून रुंद आणि संथ झालेलं आहे. तिथे एक छोटासा क्लब निघाला होता आणि सोमवारी सकाळी त्याची नवी बॅच सुरू होणार होती. अर्जावर वडिलांची सही हवी होती. रुचिर बँकेत अधिकारी. लोकांच्या अर्जांवर दिवसभर सह्या करणारा हा माणूस या एका अर्जाला आठ दिवस हात लावत नव्हता. शेवटी ईरा रडकुंडीला आली तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे. आई, आधी तू बसून दाखव. तू सुखरूप परत आलीस तर मी सही करतो."

त्याला वाटलं, विषय संपला. जयूताई चौसष्ट वर्षांच्या. त्यांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं, चाळीस वर्षं कीर्तनात बुवांच्या मागे उभं राहून झांज वाजवली, आणि आयुष्यभर शिप्रेत घोट्याच्या वर पाय म्हणून घातला नाही.

"बसते की," जयूताई म्हणाल्या. "त्यात काय."

रविवारी सकाळी तिघं नदीवर पोचली. माघातली कोवळी उन्हं होती. पाण्यावरून वाफ निघत होती, काठच्या बाभळीवर खंड्या बसला होता, आणि खालच्या घाटांकडून कुठल्याशा लाउडस्पीकरवरचं भजन वाऱ्यासोबत येत-जात होतं. ओल्या दोरांचा वास सुटला होता. काठावर लाल-पिवळ्या कयाक पालथ्या घालून ठेवल्या होत्या. लांब शेंगेसारख्या, एका माणसापुरत्या, काही दोघांच्या.

शिकवणारी निहारिका सव्वीस-सत्तावीसची, उन्हाने रापलेली, हसरी मुलगी. तिने ईराचं जॅकेट बघितलं आणि विचारलं, "हे कोणासाठी घेतलं?"

"हिच्यासाठी," जयूताई म्हणाल्या.

"हिच्यासाठी, की हिच्या लग्नासाठी?"

मग निहारिका ईराच्या मागे उभी राहिली. खांद्यांवरच्या दोन पट्ट्यांखाली तिने आपले अंगठे घातले आणि जॅकेट सरळ वर उचललं. जॅकेट वर आलं, ईरा जागच्या जागी राहिली. तिचं नाक, डोळे सगळं नारिंगी फोममध्ये गडप झालं. आतून खिदळण्याचा आवाज आला.

"बघा काकू," निहारिका म्हणाली. "फ्रॉक मोठा झाला तर ढगळ दिसतो, बस. जॅकेट मोठं झालं ना, तर जॅकेट पाण्यावर राहतं आणि मूल खाली जातं. वाढत्या अंगाचं इथे नाही चालत. आज जितकं अंग आहे, तितकंच."

जयूताईंना हे पटलं. गणिताच्या बाईंना कारण दिलं की पटतंच. निहारिकाने क्लबच्या खुंटीवरून ईराच्या वजनाचं छोटं जॅकेट काढलं. शिवणी तपासल्या, फोम मुठीत दाबून सोडला आणि तो परत फुगतो का ते पाहिलं. मग चेन लावून आधी कमरेचा पट्टा, मग बाजूचे, मग खांद्यांचे, असं खालून वर आवळत नेलं. पुन्हा अंगठे घालून उचललं. या वेळी जॅकेट हललं नाही, ईराच चवड्यांवर उचलली गेली.

"याला म्हणतात बसणं."

आता जयूताईंची पाळी. निहारिकाने त्यांच्यासाठी बगलेत रुंद कापलेलं, आखूड जॅकेट निवडलं. वल्हवताना दंड घासू नयेत आणि बसल्यावर ते पोटाशी गोळा होऊ नये म्हणून. पट्टे आवळले, मागून उचललं, तर जॅकेट थेट जयूताईंच्या कानांपर्यंत आलं.

"असं कसं? माप तर बरोबर आहे. काकू, आत काय आहे?"

आत स्वेटर होता. स्वेटरच्या आत भस्माची डबी होती, आणि डबीच्या जोडीला कालच्या कीर्तनातल्या प्रसादाची पुडी, त्यात चार चिरोटे.

"आजी, तू देवघर घेऊन चाललीस का?" ईरा म्हणाली.

"जॅकेट तुम्हाला नाही बसलं काकू, चिरोट्यांना बसलं."

सामान बाहेर निघालं. रुचिरने ते गंभीरपणे सांभाळायला घेतलं आणि त्यातला एक चिरोटा तोंडात टाकला. पट्टे पुन्हा आवळले गेले. आता जयूताईंना नवीच शंका आली. श्वास पुरेल का? झांजवाल्या बाईला आपला श्वास कुठवर जातो ते नेमकं ठाऊक असतं. त्यांनी डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि काठावर उभ्याउभ्याच नामाचा गजर लावला. कीर्तनाच्या शेवटी सगळं सभागृह उभं राहतं तेव्हाचा, खणखणीत आणि लांब. बाभळीवरचा खंड्या उडाला. रुचिर मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागला.

गजर संपत आला तेव्हा मागून कोणीतरी त्यांच्या खांद्यांच्या पट्ट्यांखाली अंगठे घातले आणि जॅकेट अलगद उचलून पाहिलं. घाई नव्हती त्यात. भाजीवाल्याकडे आपण भोपळा हातात तोलून बघतो ना, तसं. जॅकेट जागेवर राहिलं. हात निघाले.

"बसलं ना आता?" म्हणत जयूताईंनी डोळे उघडले.

निहारिका वीसेक पावलांवर होती. कयाकचं एक टोक तिच्या हातात, दुसरं रुचिरच्या. ईरा समोरच खाली बसून बुटाचे बंद बांधत होती.

"श्वास पुरला की नाही?" निहारिकाने तिथून विचारलं. "जॅकेटची ही टेस्ट मी पहिल्यांदाच बघितली."

"पुरला," जयूताई म्हणाल्या. एवढा श्वास भरून सोडल्यावर पट्टे जागेवर बसणारच, असा हिशेब त्यांनी मनाशी जुळवला.

पहिली फेरी दोघींच्या कयाकमध्ये झाली. पुढे जयूताई, मागे निहारिका. पाय लांब करून बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं आडवं धरायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चार हातांनंतर जयूताईंना त्यातला ठेका सापडला. झांजेचाच तर ठेका. पाणी दोन्ही बाजूंनी चुळुकचुळुक बोलायला लागलं. आपण इतकी वर्षं हे का केलं नाही, असं त्यांना वाटलं.

नदीच्या मध्यावर मागून पुन्हा पट्टे उचलले गेले.

"अग, किती वेळा बघशील?" जयूताई हसत म्हणाल्या.

"क्या?"

"पट्टे ग. घट्ट आहेत."

मागे निहारिकाच्या वल्ह्याची लय क्षणभर चुकली. "काकू, माझे दोन्ही हात पॅडलवर आहेत."

काठावर परत आल्यावर रुचिर हात बांधून उभाच होता. "हे नाही चालायचं आई. मागे कोच बसल्यावर कोणीही जाईल. ईरा एकटी बसणार आहे. तूही एकटी जाऊन ये."

"बाबा, बेईमानी," ईरा म्हणाली. तिचे ओठ थरथरायला लागले होते.

जयूताईंनी एकदा नातीकडे पाहिलं आणि एकटीच्या पिवळ्या कयाकमध्ये पाय ठेवला. निहारिका दुसऱ्या कयाकमधून शेजारी, दहा हातांवर राहिली.

मध्यावर पोचताच वारा पडला. घाटांकडचं भजन ऐकू येईनासं झालं. पाणी ताणून बसवलेल्या कापडासारखं झालं होतं. जयूताईंनी वल्हं आडवं धरलं आणि त्या थांबल्या. आपण कोणाची तरी वाट बघतोय असं त्यांना वाटलं, आणि त्याचं नवल वाटलं नाही.

अंगठे आले.

या वेळी अंगठ्यांनी नुसतं तोलून पाहिलं नाही. उचललं.

जयूताईंनी शेजारी पाण्यात पाहिलं. त्यांचं प्रतिबिंब स्वच्छ पडलं होतं. नारिंगी जॅकेट, पांढरे केस. आणि दोन्ही खांद्यांवरचे पट्टे कमानीसारखे वर ताणलेले. त्यांच्याखाली हात नव्हते.

बैठक अंगाखालून सुटली. बोटभर. मग दोन बोटं.

मग तितक्याच हळुवारपणे त्यांना परत खाली ठेवण्यात आलं.

जयूताईंना भीती वाटली नाही. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. चाळीस वर्षं त्या कीर्तनात ऐकत आल्या होत्या, की तो बघत असतो, तो उचलून घेतो. प्रत्येक बुवांनी आपापल्या चालीत हेच सांगितलं होतं. पण ते इतकं सरळ असेल, खांद्यांना कळेल इतकं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

"काकू, ठीक?" निहारिका जवळ आली. तिचा चेहरा उतरला होता. "तुमची कयाक आत्ता पाण्यातून वर आली होती. रिकामी असते ना, तशी."

"येणारच," जयूताई म्हणाल्या. "भार कमी झाला की नाव वर येते."

काठावर रुचिरने हात देऊन त्यांना उतरवलं. "घाबरलीस?"

"नाही रे. इथे सांभाळणारं आहे कोणीतरी. माझ्या शब्दावर सही कर."

आईचा चेहरा त्याने असा कधी पाहिला नव्हता. त्याने गाडीच्या टपावर अर्ज ठेवून सही केली. निहारिकाने काही बोलायला तोंड उघडलं होतं. पण ईराने तिच्या कमरेला मिठी मारली, तशी ती हसली. नुसतं पोरीच्या जॅकेटचा कमरेचा पट्टा तिने आणखी एक चिमूट आवळला.

"आजच एक चक्कर," ईरा म्हणाली. "प्लीज. एकच."

तिला त्याच पिवळ्या कयाकमध्ये बसवलं. निहारिका शेजारी. रुचिरने फोटो काढले. जयूताई काठावर बसून टाळीवर ठेका धरून होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. पोरगी छान वल्हवत होती. मध्यावर पोचेपर्यंत तिची सगळी गाणी म्हणून झाली.

मध्यावर ती थांबली.

जयूताई तिच्या खांद्यांकडे बघत राहिल्या. पट्टे उचलले गेले नाहीत. मग त्यांची नजर खाली गेली.

नाव तीच होती. जयूताईंच्या एकसष्ट किलोंना तिच्या कडेखाली वीतभर जागा राहत होती. ईरा एकतीस किलोंची. पाणी आता कडेला टेकलं होतं.

टाळी थांबली.

"ईरा, सीधी बैठ!" पाण्यावरून निहारिकाचा आवाज आला. तिने झपाझप वल्हं मारलं, ईराच्या नावेची कड धरली आणि तिला काठाच्या दिशेने ओढू लागली. काही क्षण नाव जागची हलेना. मग एकदम हलकी झाली आणि दोघी सरसर काठाला आल्या.

"मस्त!" रुचिर म्हणाला. त्याने ईराला उचलून वर घेतलं. "काय स्पीडने आलात. आई, हिच्या आईला फोटो पाठवले बघ. उद्या सहाला उठायचं हं, मॅडम."

निहारिका गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती.

ईराने शेवटचा चिरोटा मागून घेतला. जयूताईंनी तिला जवळ ओढलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि रुचिरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "बाळा, मध्यावर तुला कोणी उचलून बघितलं का ग? इथे, पट्ट्यांना धरून?"

"नाही," ईरा म्हणाली. तिच्या ओठांवर साखर लागली होती. "माझा कमरेचा पट्टा धरला होता. खालून."

"खाली तर नाव होती."

"हो ना." तिने चिरोट्याचा पापुद्रा सोडवला. "पण त्यांची बोटं आत शिरतच नव्हती, आजी. ताईने किती घट्ट बांधलंय. उद्या मी जरा सैल ठेवीन."