समोरचं शेत

"इंजिन गेलं तर मागे वळायचं नाही. नाक खाली, आणि समोर जे असेल ते आपलं."

वाक्य मास्तरांचंच, पण त्यांच्या कानात घुमायचं ते मेहुण्याच्या आवाजात. जेवायला बसलं की मेहुणा मान ताठ करून त्यांची हुबेहूब नक्कल करायचा, आणि बहीण हसू दाबत म्हणायची, दादाची चेष्टा पुरे, जेवण निवतंय.

मास्तर गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकवत. दोन आसनांचं एकुलतं एक विमान, पोटच्या पोरासारखं जपलेलं. मेहुणा ते घेऊन एकटाच उडाला आणि झाडांच्या शेंड्यांवर पोचतो न पोचतो तोच इंजिनाने मान टाकली. रेडिओवर त्याचा शांत आवाज आला. समोर नांगरलेलं शेत आहे, तिथे उतरतोय. मास्तरांच्या डोळ्यांपुढे ढेकळांत मोडून पडलेलं आपलं विमान आलं. जिभेने घात केला.

"वळ," ते म्हणाले.

तेवढ्याशा उंचीवरून वळलेलं विमान पट्टीपर्यंत पोचत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? मेहुणा पोचला नाही.

चौकशीत चूक चालवणाऱ्याची ठरली. मास्तर गप्प राहिले. वर बहिणीनेच त्यांचे हात हातात घेतले. "इतकं शिकवूनही ऐकलं नाही रे त्यांनी तुझं. तू मनाला लावून घेऊ नकोस, दादा." त्यानंतर तिच्या घरचं पाणीही त्यांच्या घशाखाली उतरेना.

पुढे दुसरं विमान आलं, शिकवणी सुरू झाली. एके दिवशी शिकायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एकटीने उडून उतरल्यावर सहज विचारलं, उडता उडताच वळ का म्हणालात? मास्तर बोललेच नव्हते. खरखर असेल, म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. मग एका दुकानदाराने तेच विचारलं. मास्तरांनी रेडिओ बदलला. नव्या रेडिओवर आवाज अधिक स्वच्छ येतो, असं सगळे म्हणाले.

अशात त्यांच्याकडेच शिकणाऱ्या भाचीचं पहिल्यांदा एकटीने उडणं ठरलं. नको म्हणायला कारण हवं, आणि कारण सांगण्याजोगं नव्हतं. त्या सकाळी मास्तरांनी आपल्या रेडिओची बॅटरीच काढून खिशात टाकली आणि ते पट्टीच्या कडेला उभे राहिले.

विमान झाडांवर चढलं. इंजिन खोकलं.

मग नुसता वारा.

मास्तरांनी ओठ दातांखाली धरले. रक्ताची चव आली.

विमान वळलं नाही. सरळ खाली गेलं आणि झाडांआड दिसेनासं झालं.

ते धापा टाकत पोचले तेव्हा भाची पंखाला टेकून उभी होती. साधं खरचटलंही नव्हतं.

"मामा, किती वेळा वळ म्हणालात. मी वळवतच होते, पण दांडा हलेना. शेजारच्या सीटपुढे दुसरा असतो ना, जोडलेला? तो कोणीतरी घट्ट धरून ठेवला होता."

तिची नजर त्यांच्या रक्ताळलेल्या ओठावर गेली.

"बाबांनाही तुम्हीच म्हणाला होतात?"

"हो."

"आईला सांगाल?"

"सांगतो. आत्ताच जातो."

शेत तुडवत ते बहिणीच्या घराच्या दिशेने निघाले. चाकांच्या खुणांच्या दोन्ही अंगांना मोठाले दगड ओळीने सारून ठेवलेले होते. रान कोरडं ठणठणीत होतं. दगडांच्या वर आलेल्या बाजूंना मात्र ओली माती होती, आणि ती अजून वाळायची होती.