अकरा वाजताचं मीठ

बरणीत एक फीत. पांढरट, चपटी, साडेतीन मीटर लांब. बरणी हलवली की गुंडाळी आळसावल्यासारखी उलगडते. आणि रोज अकराला स्वयंपाकघरातून एक हाक:

"आज मीठ कमी आहे गं!"

कच्च्या माशाच्या तुकड्यात तांदळाच्या कणीएवढं काहीतरी. चिमट्याने उचललं, तर वळवळलं.

खाणावळीची शेगडी दुपारी बाराला पेटते. त्याआधी नाही.

फीत सासूबाईंच्या पोटातून निघाली होती, गेल्या आठवड्यात. तळ्यातल्या माशातला कृमी. मासा कच्चा पोटात गेला की ती कणी आतड्याला चिकटते आणि माणसाच्या जेवणावर वाढत राहते. सासूबाईंनी आरोग्य खात्याकडे लेखी तक्रार दिली: सून माशाचे कच्चे कटलेट खाऊ घालते. खाणावळ सुनेची. तक्रार खरी ठरली तर आजच टाळं.

आरोग्य निरीक्षक बाई आज सकाळी पुन्हा आल्या. ओट्यावर बुळबुळीत खवले, पातेल्यात राखाडी, चिकट खिमा. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि मागच्या अंगणात कांदा चिरणाऱ्या सुनेसमोर बसल्या.

"तळतं कोण?"

"आमचे हे."

"गर्दीत घाईने काढत असतील."

"काल तुम्हीच तळलेल्या कटलेटमध्ये तापमापीचा काटा खुपसून तापमान मोजलंत की."

मोजलं होतं. ऐंशी अंश. रोजच्या बावीस गिऱ्हाइकांच्या तपासण्याही स्वच्छ आल्या होत्या. नवऱ्याची आणि सुनेचीही.

"तू खिमा चाखतेस?"

"शी! मीठ चमच्याने मोजून घालते."

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. "आज मीठ कमी आहे गं!"

"हे रोजचंच," सून म्हणाली. "अकराच्या ठोक्याला. टोमणा मारल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नाही."

निरीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. मग दारातून दिसणारी थंडगार शेगडी. आणि उठून आत गेल्या.

सासूबाई पातेल्याजवळ पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"बोट दाखवा."

"कशाला?"

"दाखवा."

नखात राखाडी खिमा. त्या खिम्यात एक पांढरी कणी.

"कालचे कटलेट कालच संपले. आजचे तासाभराने तळणार. मग आज मीठ कमी, हे कळलं कशाने?"

सासूबाईंनी बोट पदराआड लपवलं.

"तळलेल्यात किडा जगत नाही, म्हणून गिऱ्हाइकं ठणठणीत. सून चाखत नाही, म्हणून तीही. शेगडी पेटायच्या आधी खिम्यात बोट घालून ते चाटणारं या घरात एकच माणूस आहे. तुम्हाला कच्चं तुम्हीच खाऊ घातलंत, आजी."

"चाखणं म्हणजे काय खाणं?" सासूबाई उसळल्या. "हिच्या हाताला चव नाही, कुणीतरी बघायला नको?"

"साडेतीन मीटर बाहेर पडलं, तरी आज पुन्हा?"

सुनेने दारातून ऐकलं. तिच्या हातातला कांदा खाली पडला. "आई... तेच बोट पुन्हा पातेल्यात?"

सुनेने पातेलं उचललं आणि सगळा खिमा कचऱ्यात ओतला. पचकन आवाज झाला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

निरीक्षक बाईंनी तक्रारीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: खाणावळ चालू राहील. खिम्याच्या पातेल्याला कुलपाचं झाकण.

"आणि मीठ कोण बघणार?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

तीन वर्षांपूर्वी, खाणावळ उघडली त्या सकाळी, त्यांनी पहिल्यांदा बोट चाटलं तेव्हा मीठ अगदी बरोबर होतं. तरी त्या ओरडल्या होत्या, मीठ कमी आहे गं!