जरा सरका

अक्काचा कंगवा आणि धुतलेले गाऊन पिशवीत घालून मामा दुपारी घराबाहेर पडले, तेव्हाच त्यांचं डोकं तापलेलं होतं. चपला घालता घालता एका निर्मात्याचा फोन आला होता.

"मामा, तुमच्यासाठी खास भूमिका आहे. आजोबांची."

"बरं. काम केवढं?"

"एकच प्रसंग. पण असा, की थिएटरभर हुंदके ऐकू यावेत."

मामांनी मग विचारायचं ते विचारलं. "मरतो का?"

"आता मामा... तुमच्यासारखं मरतं कोण?"

मामांनी फोन ठेवला आणि कुलूप इतक्या जोरात लावलं की शेजारीण बाहेर डोकावली.

मामा म्हणजे सिनेमातला जुना नट. उभा जन्म त्यांनी कॅमेऱ्यासमोर काढला होता. वकील झाले, खानावळीचे मालक झाले, भित्रा फौजदार झाले, एका सिनेमात तर चक्क नायिकेशी लग्नही केलं. पण लोकांच्या लेखी ते फक्त मेले होते, तेही एकदाच, ऐन तरुणपणी. त्या सिनेमात ते नायकाचे आजारी भाऊ होते. दवाखान्यातली खाट, उशाला दिवा, आणि खाटेवर ते एकटेच. बोलायला एक शब्द नाही. शेवटी ते हळूच भिंतीकडे सरकतात, कुणाला तरी बसायला जागा करून देतात, रिकामी चादर तळव्याने थोपटतात, 'ये, बस' म्हटल्यासारखी. आणि संपतात. बस्स. तेवढ्यावर अख्खा सिनेमा चालला. माणसं पुन्हा पुन्हा येऊन रडून गेली. अजूनही न्हावी दाढी करता करता म्हणायचा, "मामा, एकदा सरकून दाखवा ना." लग्नाच्या पंगतीत कुणीतरी हटकून विचारायचंच, "खरं सांगा, जागा कोणाला दिलीत?" मामा कधी म्हणत, "मेव्हण्याला," कधी म्हणत, "आयकरवाल्याला." लोक हसत. मामांना मात्र आतून चीड येई. सगळं आयुष्य एका पारड्यात आणि ते मरण दुसऱ्यात, आणि मरणाचं पारडं कायम जड.

खरी गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. सरकणं दिग्दर्शकाने सांगितलेलं नव्हतं, मामांनाही सुचलेलं नव्हतं. दृश्य चालू असताना कानाशी कुणीतरी म्हणालं होतं, "जरा सरका." त्यांना वाटलं, आपण कॅमेऱ्याच्या चौकटीत नीट बसत नसू, कुणी सहायक सांगत असेल. ते सरकले. सरकता सरकता मात्र वाटलं, बोलणारा इथे टेकणार आहे, म्हणून चादर थोपटली. नंतर विचारलं तर जो तो म्हणाला, आम्ही श्वाससुद्धा रोखून धरले होते, बोलेल कोण?

दवाखान्यात अक्का हाडांच्या वॉर्डात होती. मामांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती मामांकडेच राहत होती आणि त्यांना अजून बाळ्या म्हणत होती. न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली होती. तिला कूस बदलायची तरी दोन नर्सना हात लावावा लागायचा. वॉर्डात बायका आणि पुरुष वेगळे ठेवायला जागा नव्हती, मधे हिरवे पडदे ओढून भागवलेलं होतं. औषधांचा, फिनेलचा आणि खूप दिवस पडून राहिलेल्या अंगांचा वास त्या पडद्यांत मुरलेला होता.

"उशीर केलास बाळ्या," अक्का म्हणाली. "केसांच्या जटा झाल्यात माझ्या."

मामा पिशवीतून कंगवा काढत होते, तोच पलीकडच्या पडद्याआडून आवाज आला. "पुन्हा आलात?"

मामांनी पडदा बाजूला केला. शेजारच्या खाटेवर एक वाळकेसे म्हातारे दोन्ही हातांनी खाटेची लोखंडी कड घट्ट धरून बसले होते. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"मी आत्ताच येतोय, आजोबा. काल भाची आली होती."

म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग ओळख पटल्यासारखी मान हलवली. "तुम्ही ते... सरकणारे."

मामांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. इथेही.

तेवढ्यात गोळ्या द्यायला आलेली नर्स हसली. "ओळखलंत ना? बघा मामा, आमच्याकडे तर तुमचीच नक्कल चालते. जायची वेळ आली की बरेच जण कडेला सरकतात. चादर थोपटतात. सिनेमाचा केवढा परिणाम होतो माणसांवर."

"सगळ्यांनी बघितलाय की काय तो?"

नर्सचं हसू जरा आखडलं. "तसं नाही... गेल्या महिन्यात एक बाई गेल्या. जन्मापासून दिसत नव्हतं त्यांना." आणि ट्रे उचलून ती घाईने पुढच्या खाटेकडे गेली.

म्हातारे तिची पाठ वळायची वाट बघत होते. त्यांनी मामांना खुणेने जवळ बोलावलं.

"मी बसवर कंडक्टर होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "जन्मभर लोकांना ओरडत आलो, पुढे सरका, पुढे सरका. आता सकाळपासून कुणीतरी मलाच म्हणतंय. जरा सरका..."

मामा वाकून आणखी जवळ झाले.

"मी सरकलो नाहीये," कंडक्टर म्हणाले. "कड सोडलेली नाही. पण हात दुखायला लागलेत हो. झोप लागली तर? तुम्ही सरकला होतात. जागा दिलीत, आणि तरी अजून चालताबोलताय. ते कसं केलंत, तेवढं दाखवा."

"अहो, तो सिनेमा होता."

"तुम्हालाही कुणी म्हणालं होतं ना?"

एवढी वर्षं लोकांनी विचारलं ते 'जागा कोणाला दिलीत'. 'कोण म्हणालं' हे पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मामांना खोटं बोलवेना.

"मला काही युक्ती माहीत नाही," ते अखेर म्हणाले.

"माहीत नसेल. पण करून दाखवा. मी बघून शिकेन. मला नातवाचं बारसं बघायचंय हो... एवढंच राहिलंय."

मामांनी आजवर शेकडो लोकांना नकार दिला होता. समारंभात, दुकानात, एकदा तर स्मशानातसुद्धा. पण त्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या पडलेल्या पेरांकडे बघून त्यांना नाही म्हणवेना. राग मात्र गेला नव्हता. कुणावर काढावा ते कळत नव्हतं, एवढंच. त्यांनी कंडक्टरांना दंडाला धरून कोपऱ्यातल्या चाकांच्या खुर्चीत बसवलं, चपला काढल्या आणि त्या खाटेवर आडवे झाले.

"मधे पडदा ओढून घ्या," ते म्हणाले. "अक्काने पाहिलं तर उगाच घाबरेल."

कंडक्टरांनी पडदा ओढला.

वर पंखा फिरत होता. खिडकीतून दुपारचं ऊन भिंतीवर पडलं होतं. कुठेतरी कुणाची भांडी वाजली, कुणी खोकलं. मामांनी डोळे अर्धवट मिटले आणि इतक्या वर्षांनी ते दृश्य आठवून श्वास हळू करायला लागले. आधी वाटलं, काहीच होत नाही. मग फिनेलचा वास कमी झाला. त्या जागी दुसराच वास आला, तापलेल्या मोठ्या दिव्यांचा, त्यांच्यावर जळणाऱ्या धुळीचा. स्टुडिओतला वास. पंख्याचा आवाज थांबला. पंखा फिरतच होता, पण आवाज नव्हता. भांडी नाहीत, खोकला नाही. सगळ्यांनी मिळून श्वास रोखून धरावा तसं झालं...

आणि उजव्या कानाशी, अगदी जवळून, अदबीने, "जरा सरका."

मामांचं अंग आपसूक भिंतीकडे कलायला लागलं. सवयीचं काम असावं तसं. तेवढ्यात संताप उसळला. फोनवरचा निर्माता, न्हावी, पंगतीतले लोक, वाया गेलेले वकील आणि फौजदार, सगळे एकदम आठवले. त्यांनी दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरल्या.

"नाही सरकणार," ते दातांवर दात ठेवून म्हणाले. "एकदा सरकलो, त्यात सगळा जन्म गेला. आता जागा नाही. दुसरीकडे बघा."

मग कानापाशी कुणीतरी समजुतीने श्वास सोडल्यासारखं झालं. "बरं..."

पंख्याचा आवाज परत आला. फिनेलचा वास परत आला. खुर्चीतून कंडक्टर म्हणाले, "झालं? तुम्ही सरकलातच नाही की." मामांना हसू फुटणार होतं. इतकं सोपं होतं तर. नुसतं नाही म्हणायचं.

आणि मग पडद्यापलीकडून चादर घासल्याचा आवाज आला. हलका, सावकाश. अंग सरकवतानाचा.

आपण काय बोलून बसलो, ते मामांना त्या क्षणी कळलं. दुसरीकडे बघा.

त्यांनी पडदा ओढला तो दांडीवरून निम्मा निसटलाच. मांडीत सळई घातलेली अक्का, जिला कूस बदलायलासुद्धा दोघी लागायच्या, ती भिंतीकडे सरकत होती. एकटी, सहज, कळ न येता. डोळे समोर, चेहऱ्यावर पाहुणा आल्यावर असावं तसं हसू. खाटेचा अर्धा भाग मोकळा झाला होता आणि अक्काचा तळवा त्या मोकळ्या चादरीवर टेकत होता. एकदा... दोनदा...

मामा अनवाणी धावले आणि त्या मोकळ्या जागेत जाऊन धपकन बसले. चादर गार होती. नुसती गार नाही, माठाच्या बुडासारखी ओलसर गार. त्यांनी अक्काचा हात दोन्ही हातांत दाबून धरला आणि पाय वर घेऊन जेवढी जागा व्यापता येईल तेवढी व्यापली.

"इथे मी आहे," ते कुणाला म्हणाले कोण जाणे. "इथे मी बसलोय."

अक्काने डोळे मिटले. तिचा श्वास चालू होता. मामा तो मोजत नव्हते, नुसता ऐकत होते.

भेटीची वेळ संपली. नर्स आली, आधी गोड बोलली, मग रागावली, मग वरच्या डॉक्टरांना घेऊन आली. मामा उठले नाहीत. "पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं, काका," डॉक्टर म्हणाले. मामा म्हणाले, "मग दुसरं कोण बसणार ते सांगा." डॉक्टरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, बसू दिलं. कंडक्टर मात्र खाटेवर परत आडवे व्हायला तयार झाले नाहीत. खुर्चीत दोघांना जागा नसते, असं त्यांचं म्हणणं. मुलगा न्यायला येईपर्यंत त्यांनी त्या चाकांच्या खुर्चीतच झोप काढली, आणि जाताना मामांना नातवाच्या बारशाचं आमंत्रण देऊन गेले.

अक्काही यथावकाश घरी आली. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जायला लागली, चहात साखर कमी म्हणून कुरकुरायला लागली. निर्मात्याचा पुन्हा फोन आला तेव्हा मामांनी भूमिका साफ नाकारली, आणि वर सुनावलं की मरायला दुसरा कुणी शोध. अक्का तिथेच बसली होती.

"चांगलं केलंस," ती म्हणाली. "पुरे झालं ते मरण."

मामांना बरं वाटलं. इतके दिवस टाळलेलं त्यांनी मग विचारलं. "अक्का, त्या दिवशी दवाखान्यात... तू सरकलीस. आठवतं?"

"आठवतं की."

"का सरकलीस?"

अक्काने कप खाली ठेवला. "हे काय विचारणं झालं? तूच म्हणालास ना, अक्का, जरा सरक."

"मी नाही म्हणालो."

"तूच होतास. अगदी माझ्या उशापाशी उभा. परका असता तर मी सरकले असते का?"

मामा समजुतीच्या सुरात म्हणाले, "अक्का, नीट आठव. मी तेव्हा पलीकडे होतो, पडद्यामागे. त्या कंडक्टरच्या खाटेवर झोपलो होतो."

"हो," अक्का म्हणाली. "तिकडेही होतास. तुझे पांढरे केस दिसत होते पडद्याच्या फटीतून. तू इतका म्हातारा कधी झालास, तेच मी माझ्याजवळच्या काळ्या केसांच्या तुला विचारणार होते."