वडिवळ्याच्या माळावरचे पाच दगड

"उपटून नेलं साहेब! पाचीच्या पाची! आमच्या वाडवडलांच्या उशाचं दगड उपटून नेलं!"

कोंडू लोणावळ्यात टिपणिसांच्या ओटीवर उभा राहून ओरडत होता. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला त्याची पंधरा घरांची कोळीवाडी. बसा म्हटलं तरी बसेना.

भास्करराव टिपणीस म्हणजे खासगी तपासात मुरलेला माणूस. ते शांतपणे पान लावत होते. शेजारी त्यांचा मित्र हौशीराम. जन्मभर रेल्वेच्या इंजिनात कोळसा ओढून स्वभावही तसाच भडकू झालेला.

"कधी झालं?" टिपणिसांनी विचारलं.

"परवा. आमी समदी पाटलाच्या भातकापणीला गेलतो. सांजच्याला बगतो तर खड्डं! उद्या मामलेदार येणार जागा बगायला. महिपती पाटील म्हनतोय, आमी मागल्या दुष्काळात आल्यालं उपरं, माळ त्याचा. आमच्याकडं कागद कुटला? पाच पिढ्यांचं पाच दगड, ह्योच कागद. दगड न्हाईत तर माळ न्हाई, घरं बी न्हाईत."

"मग पाटलानंच नेले की!" हौशीराम उसळला. "यात शोधायचंय काय, कपाळ?"

"नेले कुठं, ते शोधायचंय," टिपणीस उठले. "चल."

माळावर पाच खड्डे आ वासून पडले होते. दर पिढीतला वाडीचा कर्ता पुरुष गेला की इथं पुरायचं, उशाशी दगड उभा करायचा, आणि दर पितरी अमावास्येला त्याच्या तोंडाला शेंदूर लावायचा, ही रीत. शेंदूर लावणारी कोंडूची म्हातारी चुलती सावित्राबाई तिथंच बसून होती.

टिपणिसांनी खड्ड्यात वाकून मूठभर माती उचलली. मातीत तांदळाचे दाणे होते. पाचही खड्ड्यांत होते.

"मावशी, हे तुम्ही टाकलेत?"

"न्हाई बाबा. पितराला हलवायचं झालं तर तांदूळ टाकून माफी मागत्यात. पर हलवलंय कुनी आजवर?"

"चोराच्या पिशवीला भोक असेल," हौशीराम पुटपुटला.

खड्ड्यांच्या कडांवर पहारीचे घाव होते. पहार म्हणजे नथू पाथरवट, असं वाडीत जो तो म्हणत होता. नथूला गाठलं तर तो भडकलाच.

"पहार माजीच हाय! पर ती चार दिसांमागं माज्या घरच्यांनी पाटलाच्या घरी दिलीया. मी आठ दिस कान्ह्याला, देवळाच्या कामावर व्हतो, आजच परतलोय. जावा, इचारा!"

कान्ह्यात विचारलं. दहा माणसांनी तेच सांगितलं.

दुपारी दोघं पाटलाच्या गोठ्यावर पोचले. दारात पाच दगडांची नवी फरशी घातली होती आणि तिच्यावर वहाणा घालून महिपती पाटील ऐटीत उभा होता.

"दगड हवेत?" तो हसला. "ओढ्यात ढिगानं पडलेत. न्या हवे तेवढे!"

हौशीरामच्या मुठी वळल्या. तोही तरातरा फरशीवर जाऊन उभा राहिला. टिपणिसांनी मागून त्याचा सदरा धरला म्हणून पाटील वाचला.

तेवढ्यात शेणाची पाटी घेऊन गडी बाहेर आला. हा बारकू, सावित्राबाईचा सख्खा पुतण्या, दोन वर्षं पाटलाकडे कामाला. बाजूला शेणामुताचा राडा होता. बारकू घोट्यापर्यंत त्या राड्यात शिरून फरशीला वळसा घालून गेला. टिपणिसांनी पाणी मागितलं, तर तांब्या घेऊन आला तोही राड्यातूनच.

"फरशीवरून ये की," टिपणीस म्हणाले.

"वली हाय साहेब. पाय घसरंल."

हौशीरामनं खाली पाहिलं. फरशी ठणठणीत कोरडी होती. येडंच दिसतंय, असं म्हणून त्यानं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मामलेदार आले. टिपणिसांनी त्यांना माळावर जाऊच दिलं नाही, थेट गोठ्यावर आणलं. मागोमाग सगळी वाडी आली.

"रावसाहेब, चोरानं खड्ड्यांत तांदूळ टाकले," टिपणीस म्हणाले. "परका चोर पितरांची माफी कशाला मागेल? म्हणजे चोर वाडीतलाच. पण त्या दिवशी सगळी वाडी शेतावर होती. इथं गोठ्यावर होता एकटा बारकू, आणि नथूची पहारही याच घरात होती. राहता राहिले दगड. या फरशीवर पाटील उभे राहतात, आमचा हौशीराम उभा राहिला. एकटा बारकू कोरडी फरशी टाळून शेणातून चालतो. ती ओली आहे, असं खोटंही बोलतो. का? या फरशीत तोंड खाली करून कोण झोपलंय, हे त्याला ठाऊक आहे म्हणून."

हौशीराम इंगळी डसल्यासारखा मागं सरला. मग स्वतःवरच्या संतापानं त्यानंच पहार घातली आणि पहिला दगड उलथा केला.

लालभडक शेंदूर! सावित्राबाईनं हंबरडा फोडला.

"ओढ्यात टाकले असते तर मला सापडले नसते," टिपणिसांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण यांना रोज वर पाय द्यायची मस्ती आली होती!"

"मला काय ठाऊक? गड्यानं आणले!" पाटील ओरडला.

"तुमीच म्हनला, वरचं खाचर तुज्या नावावर लावतो म्हून!" बारकू किंचाळला.

मामलेदारांनी पाटलाचा अर्ज तिथंच बाजूला सारला. "उपऱ्यांचे दगड असते तर ते चोरायची गरज पडली नसती, पाटील. जाबजबाब कचेरीत होतील."

संध्याकाळी दगड माळावर परत उभे राहिले. सावित्राबाई एकेकाला हात लावून नाव सांगत होती आणि मामलेदारांचा कारकून लिहीत होता. शेवटचा दगड बारकूच्या बापाचा.

बारकू पुढं झाला, दगडाच्या पाया पडायला वाकला. म्हातारीनं त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं. तिचे डोळे कोरडे होते.

"मेलास की हितंच आणू तुला. बापाच्या शेजारी पुरू, दगड बी लावू," ती म्हणाली. "पर जित्ता हाईस तवर ह्या माळावर दिसू नगंस."