खिशातला पळस

केदारची आणि माझी ओळख बिबट्यामुळे झाली, आणि बिबट्या तिथं नव्हताच!

पोहऱ्याच्या जंगलातली नोव्हेंबरातली सकाळ. पंजाबराव काकांबरोबर दर रविवारी झाडं-पाखरं बघायला जाणाऱ्या मंडळींत मी नवीन होते. अचानक पाचोळा खडखडला... आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड गच्च धरला. झुडपातून सातभाई पक्ष्यांचं टोळकं कलकलत बाहेर आलं.

"गेला ना बिबट्या?" तो म्हणाला. "की अजून थोडा वेळ धरायचंय?"

"तुमीच तर थरथरून राहिले!"

खरंच थरथरत होता तो.

केदार अकोल्याहून पहिल्या एसटीनं यायचा, मी जवळच्या शहरातल्या राजापेठेतून स्कूटीवर. दोन-चार रविवारांत 'तुमी'चं 'तू' झालं. डिसेंबरात एका काटेसावरीखाली त्यानं मला लग्नाचं विचारलं. एवढ्या थंडीत मला घाम फुटला!

"आत्ता नको सांगू," तो घाईघाईनं म्हणाला. "काका वहीत पळसाच्या पहिल्या फुलाची नोंद करतात ना... त्या दिवशी सांग. हो किंवा नाही."

पळस लांब होता, म्हणून मी मान डोलावली. पण मेली झाडं थांबतात थोडीच! जानेवारीत आंब्याला मोहोर आला. मग पळसाची पानं झडली, काळ्या कळ्या दिसायला लागल्या. बाकीची मंडळी आनंदानं बोटं दाखवायची आणि मी भलतीकडंच बघायचे. उत्तर मला माहीत होतं. भीती होती ती चांदूर बाजारच्या आमच्या बाबांची. आम्ही शेतकरी, केदारच्या घरी भिक्षुकी. बाबा ओरडत नाहीत, जेवण सोडतात. चुलतबहीण चंदाताईनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा चार दिवस त्यांनी ताटाला हात लावला नव्हता. पाचव्या दिवशी सलाईन लावावं लागलं.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी मी सगळ्यांच्या पुढं चालत होते. वळणावर एक खालची फांदी... काळ्या कळ्यांमध्ये एकच केशरी फूल. मी मागं पाहिलं. कुणी नव्हतं. मी ते तोडलं आणि जॅकेटच्या खिशात कोंबलं!

नाल्याशी आल्यावर तोंड पुसायला रुमाल काढला, तर फूल पडलं ते थेट केदारच्या पायाशी.

त्यानं उचललं. त्याचा चेहरा उतरला.

"तू तोडलंस?"

मी मान खाली घातली.

"म्हणजे... नाही. सरळ सांगायचं ना रागिणी." त्यानं फूल माझ्या हातात ठेवलं. "पुढच्या रविवारपासून मी येत नाही."

तो वळला आणि चालायला लागला. पाचोळ्यातली त्याची पावलं लांब जायला लागली आणि मी बाबांना कधी घाबरले नव्हते एवढी घाबरले.

"केदार! थांब ना रे!" माझा आवाज फाटला. "नाई म्हणाचं असतं तं फूल काहून लपवलं असतं मी? नाई म्हणायले काय भेव लागते? हो म्हणायले भेव लागून राहिलं मले... हो आहे माझं! हो!"

तो धावतच परत आला. पंजाबराव काकांनी वहीत तारीख आणि माझं नाव लिहिलं. फूल तोडल्याबद्दल मला चांगलंच झापलंही.

नऊ वाजले होते. शेतावर जाण्याआधी बाबा याच वेळी जेवतात. मी फोन लावला. या वेळी दंड केदारनं धरला, माझा.

"बाबा... जेवले काय?"

"आत्ताच बसलो ताटावर. काहून वं?"

"पोटभर जेवून घ्या. मी थांबून राहिली फोनवर. मंग मले एक गोष्ट सांगाची हाय."

पलीकडं ताट सरकवल्याचा आवाज आला. मी डोळे गच्च मिटून घेतले.

मग बाबा आईला म्हणाले, "अजून एक भाकर वाढ वं."