उलट कलणारी फुली

निळसर राखाडी दोऱ्याची शेवटची लडी उचलायला देलियाने हात पुढे केला, आणि त्याच क्षणी पलीकडून आणखी एक हात आला. डावा हात. लांब बोटांचा, नखांच्या कडांना काळ्या तेलाची बारीक रेघ राहिलेला.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. पण लडी काही त्याने सोडली नाही.

"सोडलीत तर घेईन," देलिया म्हणाली.

तो हसला, आणि मग खरंच सोडली – अगदी सावकाश, एकेक बोट करून. बाहेर इलोइलोतल्या हारो भागाच्या चौकावर पाऊस कोसळत होता, दुकानाच्या पत्र्यावर त्याचा असा आवाज होत होता की गल्ल्यामागून तिता पिलार काय म्हणाल्या ते दोघांनाही पहिल्यांदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा त्या मोठ्याने म्हणाल्या की नवा माल मनिलाहून यायला महिना लागेल, अर्धी लडी त्या विकत नाहीत, आणि त्यांच्या दुकानात भांडण तर मुळीच मिळत नाही. मागच्या खोलीत टेबल आहे, खुर्च्या आहेत. एका लडीवर दोघांनी बसावं आणि लागेल तसा दोरा कापून घ्यावा.

"म्हणजे एकत्र बसायचं?" देलियाने विचारलं.

"पावसात कुठे निघाली होतीस, इंदाय?" तिता पिलार म्हणाल्या. इलोइलोमध्ये लाडक्या पोरीला इंदाय म्हणतात. देलिया तिशीची झाली तरी त्यांना तेच सुचायचं.

असा हेनारो त्या टेबलापाशी आला.

त्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी चार-पाच बायका क्रॉस-स्टिच करायला जमत. आधी देलियाची आई निम्फा त्यांच्यात असायची. ती गेल्यावर तिची खुर्ची काही आठवडे तशीच राहिली, आणि मग एका शनिवारी तिता पिलार घरी येऊन देलियाला हाताला धरून घेऊन आल्या. इथे कुणी तिला कशी आहेस म्हणून विचारत नसे. कुणी सुई ओवून देई, कुणी केळ्याची भजी पुढे सरकवी, जोसी तिच्या बँकेतल्या साहेबांची नक्कल करी. मान खाली घालून फुलीमागून फुली भरत गेलं की दुपार निघून जायची. देलियाला त्या वर्षात एवढंच हवं होतं – दुपार निघून जाणं.

भरत होती ते कापड आईचंच होतं. येशूचं शेवटचं भोजन. तिथल्या प्रत्येक घरात जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर ते टांगलेलं असतं. निम्फाच्या घरातली भिंत मात्र रिकामी होती, कारण तिला विकत आणलेलं नको होतं. वरून खाली भरत येता येता छत झालं, खिडक्या झाल्या, सगळे चेहरे झाले, आणि टेबलाच्या कडेपाशी ती थांबली. खालचा पांढरा टेबलक्लॉथ, त्याच्या निळसर घड्या आणि सगळ्यांची पावलं देलिया पुरी करत होती. वर्ष भरेल त्या दिवशी घरात प्रार्थना होणार होती, जेवण होणार होतं, आणि तिच्या छातीवरची शोकाची काळी फीत निघणार होती. त्या दिवसापर्यंत चित्र भिंतीवर लागायला हवं होतं. आईचं काम कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं, ते कुणाला ओळखू येऊ नये, एवढी एकच इच्छा तिने मनात धरली होती. तसं झालं तर आई तिथे थांबली असं म्हणावंच लागणार नाही.

हेनारो जहाजावर होता, इंजिनखोलीत. दोन फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीवर आलेला. टाका त्याला एका म्हाताऱ्या खलाशाने शिकवला होता. जहाजावर गाणी म्हणून घसा बसला आणि पत्ते खेळून कंटाळा आला की माणसं शेवटी सुईवर येतात, असं तो म्हणाला. त्याच्या मॅटीच्या कापडावर समुद्र होता. नुसता समुद्र.

"वर्षभर त्याच्यावरच असता ना तुम्ही? घरी येऊनही तोच?" देलियाने टोमणा मारला.

"इंजिनखोली पार खाली असते. मी समुद्र फक्त ऐकलाय," तो म्हणाला. "दिसावा म्हणून भरतोय."

तिने सुईवरून नजर वर केली. तो तिच्याकडेच बघत होता, आणि बघताना सापडला म्हणून नजर हटवावी असं काही त्याला वाटलं नाही. तिलाच खाली बघावं लागलं… आणि त्या ओळीतल्या फुल्या चुकल्या.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला, आणि त्याच्या पुढच्याही. बसायचा नेहमी तिच्या उजव्या हाताला. तो डावखुरा, ती उजव्या हाताची. त्यामुळे दोरा ओढला की त्याचं कोपर तिच्या कोपरावर आदळायचं. तिच्या डाव्या बाजूची खुर्ची रिकामी असायची. जोसीने एकदा ती खुर्ची मुद्दाम ओढून दाखवली आणि इथे बसलात तर कुणाला धक्का लागणार नाही, असं अगदी साळसूदपणे सुचवलं. हेनारोने खुर्चीकडे गंभीरपणे पाहिलं आणि तिथे उजेड कमी आहे म्हणाला. खिडकी त्या खुर्चीच्या डोक्यावरच होती. बायका खाली माना घालून हसल्या. देलिया हसली नाही. पण कोपर तिने आत ओढून घेतलं नाही, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. पण त्यापुढचं, मनातलं, तो एक शब्दही बोलला नाही. ती काळी फीत तिच्या छातीवर होती, आणि शोक असलेल्या घरच्या मुलीशी असलं काही बोलत नाहीत, हे तिथे जन्मलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. तो तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचा, एवढंच. पण सुई देताना ती बोटांतून सुटायला त्याला जरा वेळच लागायचा.

त्या टेबलाची एक रीत होती. कुणाचं काम संपत आलं की प्रत्येक मैत्रिणीने त्यात एखादी छोटी जागा भरायची. देलियाने या कापडाला इतके दिवस कुणाचा हात लागू दिला नव्हता. पण दोन आठवडे उरले, टेबलक्लॉथची एकच घडी राहिली, आणि कोण जाणे काय वाटून तिने ती हेनारोपुढे सरकवली. बायकांच्या सुया थांबल्या. त्याने ती घडी भरली, अगदी हळू, श्वास रोखून भरावी तशी.

पाऊस थांबून तिरकं ऊन आलं होतं. देलियाने कापड खिडकीशी धरलं, आणि तिच्या कपाळावर आठी आली. ती घडी बाकीच्या टेबलक्लॉथपेक्षा वेगळी चमकत होती.

"तुझ्या फुल्या उलट्या आहेत."

त्याने वाकून पाहिलं. "डावा हात. माझा वरचा दोरा दुसऱ्या बाजूला कलतो," तो ओशाळून म्हणाला. "दे, उसवतो."

पण तिने कापड दिलं नाही. तिची नजर त्या घडीवरून वर सरकली होती – टेबलाची कड, हात, चेहरे, खिडक्या. तिथेही दोरा त्याच बाजूला कलत होता. हेनारोची घडी आईच्या कामात पाण्यासारखी मिसळून गेली होती. आणि त्या घडीभोवतीचं सगळं, जे तिने वर्षभर खाली मान घालून भरलं होतं, ते दुसऱ्याच कापडाचा तुकडा जोडल्यासारखं दिसत होतं. आई डावखुरी होती. डाव्या हाताने ती सोलायची, विंचरायची, शिवायची. देलियाने ते जन्मभर पाहिलं होतं. दोऱ्यात त्याचं काय होतं, हे तिने कधी बघितलंच नव्हतं.

बायकांनी आपापलं सामान आवरायला जरा जास्तच वेळ लावला आणि मग एकेक करून निघून गेल्या. दोघंच उरली.

"माझं सगळं उसवायचं," देलिया म्हणाली. "आणि तू भरायचंस. तुझा टाका तिच्यासारखा पडतो. बसलास तर दोन आठवड्यांत होईल… होईल ना?"

त्याने तिने भरलेल्या पावलांवरून बोट फिरवलं.

"होईल," तो म्हणाला. "पण मी नाही भरणार."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"हुबेहूब होईल, देलिया. मग तू रोज जेवताना वर बघशील, आणि तिथे तुझी आईच असेल. तू नसशील." तो थांबला. "मीही नसेन. तुझ्या शेजारी बसायला मी काहीही केलं असतं… पण तिचा हात म्हणून नाही."

एवढं तो कधी बोलला नव्हता. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्या बोलण्यातलं बरंच काही तिला ऐकू आलं असतं. त्या दिवशी तिला फक्त नकार ऐकू आला. एवढंसं मागितलं तर तेही जमत नाही, असं काहीतरी ती म्हणाली. हे स्वतःसाठी नव्हतं, आईसाठी होतं, असंही म्हणाली. त्याने आपला समुद्र गुंडाळला आणि तो निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. देलिया बारीक कात्री घेऊन बसली आणि स्वतःचे टाके उसवू लागली. ती स्वतः डाव्या हाताने भरून बघणार होती, जमेल तसं. दोऱ्याचे बारके तुकडे टेबलावर साचत गेले. जोसीने भजी पुढे केली, तिने मानेनेच नको म्हटलं. तिता पिलार बघत राहिल्या, मग उठल्या आणि तिच्या हातातून कात्री काढून घेतली.

देलियाच्या फुल्या आईपेक्षा उलट कलतात हे त्यांना पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं, असं त्यांनी सांगितलं.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू त्याच दिवशी कापड गुंडाळून घरी जाऊन बसली असतीस. चित्राचं काय घेऊन बसलीस? आम्हाला तू इथे हवी होतीस."

तिता पिलार तिच्या समोरच्या खुर्चीवर टेकल्या आणि जरा खालच्या आवाजात विचारलं, तुला टाका शिकवला कुणी? कशी बसवायची ती तुला?

इतर मुलींच्या आया त्यांना पुढ्यात घेऊन, मागून हात धरून शिकवत. निम्फाला ते जमेना. तिचा डावा, पोरीचा उजवा, दोघींचा गुंता व्हायचा. मग एके दिवशी तिने देलियाला समोर बसवलं होतं, गुडघ्याला गुडघा लावून. आरशात बघतेस ना, तसं माझ्याकडे बघ आणि कर. तिचा डावा हात वर गेला की देलियाचा उजवा वर जायचा. तिचा दोरा इकडे कलला की देलियाचा तिकडे. आईचा चेहरा डोळ्यांपुढे होता म्हणूनच तिच्या फुल्या उलट्या पडायला शिकल्या होत्या.

देलियाने हे कुणाला सांगितलं नाही. टेबलावरचे तुकडे तळव्याने गोळा केले, सुई घेतली, आणि उसवलं होतं ते आपल्या नेहमीच्या हाताने पुन्हा भरायला लागली. मधेच डोळे भरून आले तेव्हा जोसीने न विचारता सुई ओवून दिली. हेनारोची घडी तिने तशीच ठेवली.

जाताना तिने तिता पिलारना सांगितलं की त्या दिवशीच्या जेवणाला त्यालाही बोलवा.

"मी?" तिता पिलार म्हणाल्या. "मला तर तो रोज विचारतो तुझ्याबद्दल. आज तू निरोप देतेस. मी दोरे विकते की तारा पोचवते?" पण निरोप त्यांनी पोचवला.

तो आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात खोबरं घातलेल्या गोड भाताच्या, पानात बांधलेल्या पुड्या, आणि दाराशीच घुटमळलेला. सकाळी मावशीने देलियाच्या छातीवरची फीत काढून घेतली होती, आणि तिने फिकट पिवळा झगा घातला होता. त्याने एकदा पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. मोलोचं, खिम्याच्या छोट्या करंज्यांचं सूप वाढलं जात होतं, मुलं टेबलाखाली शिरली होती, आणि भिंतीवर काचेआड ते चित्र होतं. दुपारच्या उजेडात आईच्या आणि तिच्या कामामधली रेघ स्पष्ट दिसत होती. चुलतकाकांनी चमचा वर करून विचारलंच, की हे अर्धं असं आणि अर्धं तसं का चमकतंय.

"वरचं आईचं," देलिया म्हणाली. "खालचं माझं. आणि ती एक घडी मित्राची."

"मित्राची," तिता पिलार म्हणाल्या, टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, आणि सूप प्यायला लागल्या.

जेवणं झाल्यावर ती त्याच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. गुलमोहराखाली ओल होती, वर पानांतून अजून थेंब पडत होते. त्याने सांगितलं की मनिलाहून जहाजाचं बोलावणं आलंय, गुरुवारी निघायचंय. नऊ महिने. त्याआधी एक गोष्ट बोलायची होती, इतके दिवस बोलता येत नव्हती, आता येईल असं वाटलं होतं… आणि एवढं सांगून तो फाटकाच्या कडीशी खेळत बसला.

"मग मी बोलते," देलिया म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. पाणी मागावं तसा.

"गुरुवारी तू गेलास की मला तुझी आठवण येईल. रोज येईल. हे मी आधीच सांगून ठेवते आहे, कारण आईला मी असं कधी आधी सांगितलं नाही."

त्याने कडी सोडली. तिचा हात हातात घेतला – त्याच्या डाव्यात तिचा उजवा. आतून कुणीतरी हाक मारली, कॉफी झाली म्हणून. देलियाने ऐकलं, आणि हात होता तिथेच राहू दिला.

"येते," तिने आत सांगितलं. "तुम्ही घ्या."