एकोणीस नंबरचा स्लॅब

"अहो! पाय! आधी पाय उचला!"

मी यार्डाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तासाभरापूर्वी ओतलेल्या ओल्या स्लॅबवर बुटाचा ठसा उमटला होता, आणि बुटाचा मालक एका पायावर उभा राहून माझ्याकडे बघत होता.

"ऑफिस शोधत होतो," तो म्हणाला.

"ते काय आम्ही काँक्रीटमध्ये पुरलंय?"

तो हसला. मी थापी उचलून त्याच्या हातात दिली. बिचाऱ्याने मुकाट्याने ठसा बुजवला... पण किती वेळ लावला! एवढ्या वेळात मी अर्धी भिंत बांधली असती.

तो पुलावरचा सुपरवायझर होता. आमच्या यार्डात स्लॅब तयार व्हायचे, ट्रेलरवरून नदीवर जायचे, आणि तिथे तो क्रेनने ते गर्डरवर एकाला एक लावून बसवायचा. पूल वळणाचा होता, त्यामुळे प्रत्येक स्लॅबचं एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन बोटं रुंद. रुंद टोक वळणाच्या बाहेरच्या बाजूला यायला हवं. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. म्हणून स्लॅब मोजून त्यावर नंबर घालायचा आणि रुंद टोकाकडे बाण काढायचा, हे काम माझं. सगळी साइट मला 'बाणवाली' म्हणायची.

त्या दिवसानंतर प्रत्येक ट्रेलरबरोबर तो स्वतः यायला लागला.

"ड्रायव्हरला रस्ता सापडत नाही वाटतं?" मी विचारलं.

"त्याला सापडतो. मलाच... परतीचा सापडत नाही."

"पुलावर गेल्यावर दोन्ही टोकांना टेप लावून बघता ना? नियम आहे."

"तुमचा बाण असल्यावर टेप कशाला?"

तेव्हाच त्याचा कान धरायला हवा होता. पण मी लाजले. कामाच्या जागी, हातात रंगाचा ब्रश, अंगावर सिमेंटची धूळ — आणि बाईसाहेब लाजतायत! आज आठवलं तरी स्वतःच्या डोक्यात टपली मारावीशी वाटते.

महिन्याभरात 'अहो'चं 'अरे' झालं. डबा एकाच बाकावर उघडला जाऊ लागला. मी बोलत असले की तो चमचा तसाच हातात धरून ऐकायचा, आणि त्याचं जेवण गार व्हायचं.

एकोणीस नंबरचा स्लॅब निघाला त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. रंगाचा डबा नेमका संपलेला. म्हटलं, दोन तासांत तर बसेल, खडू चालेल. मी नेहमी रुंद टोकाला उभी राहायचे आणि बाण स्वतःच्या पायाकडे ओढायचे. हाताला तेच वळण पडलं होतं. त्या दिवशी मात्र तो दुसऱ्या टोकाला उभा होता. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

"शेवटचा स्लॅब बसला ना," तो हळूच म्हणाला, "की आईला घेऊन तुझ्या घरी येतो. येऊ?"

"बघू... विचार करून सांगते." विचार कसला करायचा होता! मला तर नाचावंसं वाटत होतं. त्याच तंद्रीत मी सवयीप्रमाणे बाण ओढला. माझ्या पायाकडे, म्हणजे उलटा.

त्याने स्लॅब बसवला आणि संध्याकाळच्या पावसात खडू धुऊन गेला.

पुढे बारा दिवसांनी बत्तिसावा, शेवटचा स्लॅब बसेना. कोपरा चार बोटं बाहेर. एकोणीसपासून सगळी रांग थोडी थोडी वाकडी सरकत गेली होती. मधल्या फटी सिमेंटने भरून पक्क्या झालेल्या. आता तेरा स्लॅब कापून उचलायचे होते. बातमी यार्डात आली, त्याच क्षणी मला आठवलं, त्या दिवशी मी कुठे उभी होते.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी आम्हां दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"मी टेप लावली नाही, सर," तो म्हणाला. "नियम होता, तो मी मोडला."

"आणि बाण?"

"तो पावसात धुऊन गेला, सर."

एवढं बोलून तो थांबला. साहेब माझ्याकडे वळले. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाच्या कडेवर नजर लावून वाट बघत राहिला. मला नोकरीत कायम झाल्याचं पत्र पहिल्या तारखेला मिळणार होतं. बाबांनी तर सगळ्या नातेवाइकांना आधीच सांगून टाकलं होतं. कारणं सांगायला बसले तर ढीगभर आहेत.

"बाण बरोबर होता, सर," मी म्हणाले.

त्याला पुलावरून काढून लांबच्या एका साइटवर गोदामात टाकलं. त्याने ना फोन केला, ना निरोप पाठवला. नवव्या दिवशी मी साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझी खरडपट्टी काढली, पत्र सहा महिने पुढे ढकललं, आणि त्याला परत बोलावण्याचा कागद लिहिला. तो मी मागून घेतला आणि स्वतः घेऊन गेले.

पत्र्याच्या खोलीत तो शर्टाला बटण लावत होता. त्याने कागद दोनदा वाचला.

"बरं केलंस," तो म्हणाला. मनापासून म्हणाला.

"मग... आईला कधी आणतोस?" मी हसायचा प्रयत्न केला. त्याने कागदाची घडी घातली. मग मीच बोलले, "मला तू हवा आहेस रे."

"मलाही तू हवी होतीस. त्या केबिनमध्ये. अर्धं मिनिट."

"मी घाबरले होते."

"मीपण घाबरलो होतो." त्याने सुई शर्टात खोचून ठेवली. "त्या चुकीबद्दल काही नाही गं, ती दोघांची होती. पण उद्या घरात, चारचौघांत काही झालं, की मी आधी तुझ्या तोंडाकडे बघेन... ही आता काय बोलेल म्हणून. रोज असं बघत कसं जगायचं?"

मी खूप बोलले. रडलेही. त्याने पाणी आणून दिलं, पंखा माझ्याकडे वळवला, मधे एकदा माझा हातही हातात घेतला. पण शब्द काही बदलला नाही.

पाऊस होता म्हणून तो छत्री घेऊन बसस्टॉपपर्यंत आला. छत्री सगळी माझ्यावर, तो अर्धा भिजलेला. बस आली.

"येते," मी म्हणाले.

यावर सगळे 'ये' म्हणतात. पायरीवर एक पाय ठेवून मी त्यासाठी थांबले. मागचे लोक ढकलायला लागले, तरी थांबले.

"सांभाळून जा," तो म्हणाला.